बांधावरचा दगडीपाला आणि माळावरचा दगडीपाला: एका तपासणीचे प्रकरण

तासगाव तालुक्यात ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांच्या बोटांवर कात्रीचे वण दिसू लागतात. कात्री सुटते, मांडवाच्या तारेचे टोक लागते, एखादी छाटलेली काडी घुसते, आणि मग बांधावरचा दगडीपाला उपटून तळहातावर चोळायचा, रस जखमेवर पिळायचा, चोथा वर दाबून धरायचा आणि चिंधी बांधून पुन्हा कामाला लागायचे, हा तिथला रिवाज आहे. एका गावातील महिला बचत गटाने याच पाल्याचे मलम करायचे ठरवले. वाळवलेला पाला खोबरेल तेलात कढवायचा, गाळायचा, मेण घालून घट्ट करायचे आणि लहान डब्यांत भरायचे, अशी त्यांची कृती होती. मलमाच्या काही डब्या, वाळलेल्या पाल्याचे एक पोते आणि ताज्या पाल्याची एक जुडी घेऊन गटाच्या अध्यक्ष मावशी आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आल्या, तेव्हा त्यांची मागणी एका वाक्यात मावणारी होती: "मॅडम, हे जंतू मारतंय आणि अपाय करत नाही, एवढं तपासून लिहून द्या."

पुढील सुमारे वर्षभरात या मागणीचे जे झाले ते येथे क्रमाने मांडत आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती लपवून हे प्रकरण सांगता येणार नाही.

पोत्यात काय होते

दगडीपाला म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. कोणी त्याला कंबरमोडी म्हणतात, कोणी एकदांडी. लांब, सडपातळ दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळी चकती, भोवती टोकाला तीन दात असलेल्या चार-पाच पांढुरक्या पाकळ्या, खरखरीत केसाळ पाने आणि वाऱ्यावर उडणारे म्हातारीसारखे बी, एवढ्या खुणांवर फुलावर आलेले झाड कोणीही ओळखू शकतो. ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची आहे. आपल्याकडे ती इतकी रुळली आहे की आजीच्या आजीपासून चालत आलेली वाटते. पण जी वनस्पती तेव्हा या भूमीवर नव्हतीच, ती चरक-सुश्रुतांत शोधून सापडणार नाही, आणि या साध्या गोष्टीला पुढे परवान्याच्या प्रश्नात महत्त्व आले.

ताज्या जुडीबद्दल शंका नव्हती. पोत्याची गोष्ट वेगळी होती. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी पोते ताडपत्रीवर ओतून विद्यार्थ्यांना एकेक काडी निवडायला बसवले. बहुतेक पाला दगडीपाल्याचाच होता, परंतु त्यात माक्याच्या काही फांद्या निघाल्या आणि ओसाडीच्याही निघाल्या. नुसता माका आला असता तर फार बिघडले नसते. ओसाडी, म्हणजे एजरेटम कोनिझॉइड्स, हे मात्र निराळे प्रकरण आहे. तिच्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइड या गटातील द्रव्ये असतात आणि ती यकृताला घातक असल्याचे प्रस्थापित झालेले आहे. इथिओपियाच्या टिग्रे भागात धान्यात मिसळलेल्या ओसाडीच्या बियांशी तेथील यकृताच्या आजाराचा संबंध जोडला गेला होता. बाहेरून लावण्याच्या औषधाला पोटात घेण्याच्या औषधाचे नियम लावू नयेत हे खरे, पण जखम ही अखंड त्वचा नसते. युरोपीय औषध संस्थेने वनौषधींतील या अल्कलॉइडांविषयी केलेल्या मार्गदर्शनातही बाह्य वापर अखंड त्वचेपुरताच मानला आहे, आणि आमच्यापुढचे मलम तर मुळात कापलेल्या बोटासाठीच होते.

पाला वाळवून कुटला की तिन्ही वनस्पती सारख्याच हिरवट-करड्या दिसतात. म्हणून आम्ही पोते बाजूला ठेवले आणि पुढील सर्व काम ताज्या, फुलावर असलेल्या, मुळासकट उपटलेल्या झाडांवर करायचे ठरवले. प्रत्येक वेळच्या गोळा केलेल्या मालातून एक झाड दाबून, वाळवून, जागा आणि दिनांक लिहून संग्रहात ठेवले. ही गोष्ट विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते. या प्रकरणात तिनेच आम्हाला तारले.

पहिली प्लेट

पद्धत कोणत्याही पदवी महाविद्यालयात होते तीच होती. म्युलर-हिंटन अगर, म्हणजे जिवाणू वाढवण्याचा जेलीसारखा थर, चार मिलीमीटर जाडीचा ओतायचा, ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाइतके, म्हणजे दर मिलीलिटरला सुमारे १५ कोटी जिवाणू असलेले, द्रावण त्यावर कापसाच्या बोळ्याने सर्वत्र सारखे फिरवायचे, अगरात सहा मिलीमीटर व्यासाचे खळगे पाडायचे, त्यांत रस किंवा अर्क भरायचा आणि ३५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचे. जखमेचा विषय असल्यामुळे स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हे दोन जिवाणू घेतले, सोबत ई. कोलाय. तिन्ही प्रमाणित संग्रहातून मागवलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला तेव्हा ताज्या रसाच्या खळग्याभोवती स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर स्वच्छ वलय होते. विद्यार्थी त्याला झोन म्हणतात. ई. कोलायच्या प्लेटवरही झोन होता, थोडा लहान. त्या दिवशी योगायोगाने मावशी आणि गटातील आणखी दोघी आल्या होत्या. मी प्लेट उजेडासमोर धरून त्यांना दाखवली आणि म्हणाले की हा जो काचेसारखा गोल दिसतो, तिथे जंतू वाढलेले नाहीत. त्यांनी फोटो काढला. आठवडाभरात त्या फोटोसह "प्रयोगशाळेत तपासलेले" असा मजकूर असलेली लेबले तालुक्याच्या ठिकाणी छापून झाली होती.

ही माझी चूक. एकाच मालावरची, एकदाच केलेली, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवायचे रस नसलेले खळगे, अपुरे असलेली प्लेट मी निष्कर्ष म्हणून दाखवली, आणि समोरचे लोक तिचे काय करतील याचा विचार केला नाही. खरे तर त्याच प्लेटवर दोन खुणा अशा होत्या की ज्यांनी मला थांबवायला हवे होते.

पहिली खूण म्हणजे ई. कोलायवरचा झोन. वनस्पतींचे कच्चे अर्क बहुधा स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर थोडेफार चालतात आणि ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर फारसे चालत नाहीत, कारण त्यांच्याभोवती आणखी एक बाह्य आवरण असते व बरीच वनस्पतिद्रव्ये तेथेच अडतात. नुसता ठेचलेला रस दोघांनाही अडवतो, हे शक्य असले तरी ते आनंदाने मान्य करण्याआधी पुन्हा पाहायला हवे होते. दुसरी खूण अशी की खळग्याच्या कडेला, झोनच्या आतच, सुरकुतलेल्या पांढऱ्या वसाहती उगवल्या होत्या. त्या आम्ही पेरलेल्या जिवाणूंच्या नव्हत्या. त्या रसाबरोबरच आल्या होत्या.

पाल्यावरचे जंतू

या दुसऱ्या खुणेचा उलगडा सोपा होता. सुरकुतलेल्या वसाहतींतील जिवाणू बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीतही टिकणारे चिवट रूप, करणारे बॅसिलस गटातील निघाले. ते मातीत असतात, म्हणून पानावर असतात, म्हणून रसात असतात, आणि ज्या रसाने जंतू मरतात असे आम्ही म्हणत होतो त्या रसातच ते मजेत वाढत होते. पुढच्या वेळी रस ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळला. हिरव्या गाळाने ही गाळणी लगेच तुंबते, म्हणून आधी सेंट्रिफ्यूज करून जाड गाळणीतून काढावा लागला. गाळलेल्या रसाच्या प्लेटा स्वच्छ आल्या.

परंतु बागेत काम करणाऱ्या बाईकडे गाळणी नसते. प्रयोगशाळेसाठी जी अडचण ती तिच्यासाठी धोका आहे, आणि प्रतिजैविक गुणधर्मावरच्या पुष्कळ प्रकल्प-अहवालांत हा धोका एका ओळीनेही येत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. धनुर्वाताचे जिवाणू असेच बीजाणू करणारे, मातीत आणि शेणखतात राहणारे असतात. त्यांना हवा नको असते, आणि खोल टोचलेल्या जखमेवर चोथा दाबून चिंधी घट्ट बांधली की तशीच जागा तयार होते. आम्ही या पाल्यावर धनुर्वाताचा जिवाणू शोधला नाही, तो असल्याचा दावाही करत नाही. मात्र गटातील बायकांना त्या दिवशी आम्ही पहिला प्रश्न विचारला तो धनुर्वाताच्या लशीचा, आणि गरोदरपणानंतर ती घेतल्याचे कोणालाच आठवत नव्हते.

दुसरा माल

रस गाळून केलेल्या प्लेटांवरही झोन आला, त्यामुळे विद्यार्थ्यांचा उत्साह टिकून होता. आता पुनरावृत्तीसाठी जास्त पाला हवा होता. आधीचा पाला बागेच्या बांधावरचा होता. या वेळी दोन विद्यार्थ्यांनी त्याच गावाच्या माळावरून, जिथे पावसाळ्यानंतर फक्त कुसळी गवत आणि शेळ्या असतात, तेथून पाला आणला. ओळख पटवली, नमुना दाबला, रस काढला, गाळला, खळगे भरले. दुसऱ्या दिवशी झोन नव्हता. ना स्टॅफिलोकोकसवर, ना ई. कोलायवर.

असे झाले की माणूस आधी स्वतःला सोडून सगळ्यांवर संशय घेतो. अगर जास्त जाड झाला असेल, जिवाणू जास्त पेरले गेले असतील, रस थोडा वेळ उन्हात राहिला असेल. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची चकती मात्र दोन्ही वेळा अपेक्षित व्यासाचा झोन देत होती, म्हणजे प्लेट आणि जिवाणू ठीक होते. प्रयोग तीनदा केला, उत्तर तेच. बांधावरच्या पाल्याचा उरलेला गोठवलेला रस शेजारच्या खळग्यात घातला, तर त्याने झोन दिला.

मग कोणीतरी म्हणाले, आणि मीही काही दिवस ते मानले, की जमिनीचा फरक असेल. बागेच्या बांधाला ठिबकचे पाणी आणि खत मिळते, माळाला मिळत नाही. म्हणून औषधी द्रव्य कमी-जास्त झाले असेल. हे स्पष्टीकरण खोटे म्हणता येत नाही, कारण वनस्पतीतील द्रव्ये ऋतू, पाणी आणि वयानुसार बदलतात हे खरेच आहे. पण ते फार सोयीचे होते. गावातील बायकाही हेच म्हणत होत्या: "माळावरच्या पाल्याला गुण नसतो मॅडम, बांधावरचाच आणावा लागतोय." त्यांचे निरीक्षण अचूक होते. कारण मात्र आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

उत्तर संग्रहातील दाबलेल्या नमुन्याने दिले. दोन्ही नमुने शेजारी ठेवून वर्णन लिहीत असताना एका विद्यार्थिनीला बांधावरच्या झाडाच्या पानांवर, केसांच्या बुडाशी अडकलेले, फिकट निळसर ठिपके दिसले. ती स्वतः द्राक्ष बागायतदाराच्या घरातील होती. तिने भिंगातून पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, हे बोर्डो आहे."

फवारणीची वही

मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना पाण्यात मिसळून केलेले बोर्डो मिश्रण द्राक्षाला नवे नाही. फ्रान्समधील बोर्दो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिववण्यासाठी मोरचूद-चुन्याचा निळा लेप देत असत, आणि त्या वेलींवर डाऊनी (केवडा) हा रोग कमी दिसतो हे मिलार्डे या शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात हेरले, तेव्हापासून ते वापरात आहे. आपल्याकडे एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे बागेत राबणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असते. फवारणी वेलीवर होते, पण तुषार बांधावरही पडतो आणि दगडीपाल्याचे केसाळ पान तो धरून ठेवते.

निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या बागेत अवशेषांच्या तपासणीमुळे फवारणीची नोंदवही ठेवावी लागते. ज्या बागेच्या बांधावरचा पाला होता, त्या बागायतदारांनी ती वही मोकळेपणाने दाखवली. पाला उपटण्याच्या चार दिवस आधी बोर्डोची फवारणी झाली होती, त्याआधी गंधकाची, आणि त्याच्याही आधी इतर दोन बुरशीनाशकांची. आमच्या शंभर प्लेटांपेक्षा त्या वहीतील एका पानाने जास्त सांगितले.

तरीही वहीवरून सिद्ध काही होत नाही. म्हणून साधा प्रयोग केला. बांधावरून पुन्हा पाला आणला आणि त्याचे तीन वाटे केले. एक वाटा न धुता ठेचला. दुसरा, पान न मोडता, आधी अगदी सौम्य आम्ल पाण्याने आणि मग तीन वेळा साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन ठेचला. तिसऱ्या वाट्याचा रस काढलाच नाही. पाने फक्त त्या सौम्य आम्ल पाण्यात हलवली, ते पाणी उदासीन करून, आटवून, खळग्यात भरले. तसेच उदासीन केलेले पण पाने न बुडवलेले पाणी कंट्रोल म्हणून ठेवले. न धुतलेल्या पाल्याच्या रसाने झोन दिला. धुतलेल्या पाल्याच्या रसाने दिला नाही. पाने बुडवलेल्या पाण्याने दिला आणि कोऱ्या पाण्याने दिला नाही. माती-पाने तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडून तांब्याचे प्रमाणही मोजून घेतले: झाडांच्या कोरड्या पानांत साधारणतः दर किलोला ५ ते २० मिलिग्रॅम तांबे असते, माळावरचा नमुना त्या मर्यादेत होता आणि बांधावरचा तीन आकड्यांत गेला होता.

बोर्डोतील तांबे पाण्यात सहज विरघळत नाही, पण पाल्याचा रस किंचित आम्लयुक्त असतो आणि त्यातील सेंद्रिय आम्ले तांब्याला धरून द्रावणात आणतात, असा आमचा अंदाज आहे. यातून एक गोष्ट कळत नाही, तीही नोंदवली पाहिजे: झोन केवळ तांब्याचा होता की वहीतील इतर फवाऱ्यांचाही त्यात वाटा होता, हे आम्ही वेगळे केले नाही. आमच्या प्रश्नापुरते एवढे पुरेसे होते की तो दगडीपाल्याचा नव्हता.

माळावरच्या पाल्यात स्वतःचे काय आहे

आता खरे काम सुरू झाले. माळावरचा स्वच्छ पाला सावलीत वाळवून पाण्यातला आणि इथेनॉलमधला असे दोन अर्क केले. पाण्याच्या अर्काने काहीच दाखवले नाही. इथेनॉलच्या अर्काने स्टॅफिलोकोकसवर लहानसा, धूसर कडेचा झोन दिला. उरलेल्या दोघांवर नाही. अर्क विरघळवण्यासाठी वापरलेल्या डीएमएसओचा खळगा याच वेळी प्रथम नीट ठेवला होता. त्याभोवती झोन नव्हता.

येथे थांबून झोनविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण महाविद्यालयीन प्रकल्पांत सर्वांत जास्त फसवणूक तिथेच होते. झोनचा व्यास हा द्रव्य किती मारक आहे आणि अगरात किती पसरते या दोन्हींचा मिळून असतो. तेलकट, मोठे रेणू मारक असूनही खळग्यापाशीच बसून राहतात. पाण्यात विरघळणारे लहान रेणू दुबळे असूनही लांब जातात. म्हणून "अर्काचा १२ मिलीमीटर, सिप्रोफ्लॉक्सासिनचा २४, म्हणजे अर्क निम्म्या ताकदीचा" हे वाक्य कितीही अहवालांत छापले गेले असले तरी त्याला अर्थ नाही. मलमाच्या बाबतीत तर खळग्याची पद्धत मुळातच निरुपयोगी होती: तेल-मेण अगरात शिरतच नाही. मलम आणि पाला न घातलेले नुसते तेल-मेण असे दोन्ही वेगळ्या पद्धतीने, जिवाणूंच्या द्रावणात घुसळून ठराविक वेळाने जिवंत जिवाणू मोजून तपासले, तेव्हा दोहोंत फरक आढळला नाही.

किमान प्रतिबंधक प्रमाण, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारे सर्वांत कमी प्रमाण, काढण्यासाठी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत नेला. अर्क हिरवा असल्याने गढूळपणा डोळ्यांनी वाचता येईना, म्हणून रेसाझुरिन हा निळा रंग वापरला. जिवंत जिवाणू त्याला गुलाबी करतात. इथेही एक खड्डा आहे. काही वनस्पतींचे अर्क स्वतःच हा रंग बदलतात, म्हणून जिवाणू न घातलेला अर्क-रंगाचा खळगा ठेवावाच लागतो. आमच्या अर्काच्या सर्वांत दाट खळग्यात तो थोडा जांभळट होत होता आणि ते लक्षात घेऊन वाचन केले. स्टॅफिलोकोकसची वाढ दर मिलीलिटरला चार मिलिग्रॅमला थांबली, दोनला थांबली नाही. कच्च्या अर्कासाठी दर मिलीलिटरला एक मिलिग्रॅमच्या वर गेलेल्या आकड्याला या क्षेत्रातील जाणकार फारशी किंमत देत नाहीत. १०० मायक्रोग्रॅमच्या खाली गेले तर लक्ष देण्यासारखे मानतात. शिवाय थांबलेल्या खळग्यातील थेंब ताज्या अगरावर टाकला तेव्हा जिवाणू पुन्हा वाढले. ते मेले नव्हते, अडले होते.

अपाय

सुरक्षिततेचा भाग आमच्याकडून अर्धाच झाला, आणि तो अर्धाच का झाला हेही सांगितले पाहिजे. प्राण्यांवरील तीव्र विषबाधेच्या चाचणीसाठी नोंदणीकृत प्राणीगृह आणि प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते. आमच्याकडे प्राणीगृह नाही. माणसांच्या त्वचेवर पट्टी लावून पाहावी, अशी सूचना खुद्द गटातूनच आली: "आम्ही एवढी वर्षं लावतोय, आमच्याच हातावर बघा की." नैतिकता समितीविना, आपल्याकडे दाखला मागायला आलेल्या बायकांच्या हातावर प्रयोग करणे हे त्यांच्या संमतीनेही योग्य झाले नसते. मी नकार दिला.

जे करता आले ते तांबड्या पेशींवर. कसायाकडून सायट्रेट घातलेल्या बाटलीत शेळीचे रक्त आणले, पेशी धुतल्या, अर्काबरोबर ठेवल्या आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेला लाल रंग मोजला. ज्या प्रमाणात अर्काने स्टॅफिलोकोकसला अडवले त्याच चार मिलिग्रॅमला पेशी डोळ्यांना दिसेल इतक्या फुटल्या. एकाला अडवताना दुसऱ्यालाही इजा होत असेल तर त्या अर्काला निवड करता येत नाही, एवढाच याचा अर्थ. शेळीची तांबडी पेशी म्हणजे माणसाची त्वचा नव्हे, हे आम्ही अहवालात स्वतंत्र वाक्यात लिहिले. त्वचेच्या पेशींवरची चाचणी हवी असल्यास ती दुसऱ्या सुसज्ज प्रयोगशाळेत करावी लागेल.

सर्वांत उपयोगी माहिती मात्र यंत्रातून आली नाही. "कोणाला त्रास झाला का?" या प्रश्नाला गटाने एकमुखाने नाही म्हटले होते. काही महिन्यांनी मी प्रश्न बदलला: "लावायचं कोणी सोडलं का?" तेव्हा दोन नावे निघाली. एकीच्या बोटांना खाज सुटून फोड आले होते. ते पाल्याने आले असे म्हणता येत नाही, कारण छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात, ती त्वचेला दाहक असते, आणि त्या बाई हातमोजे न घालता तेच काम करत होत्या. परंतु पाल्याला निर्दोषही ठरवता येत नाही. दगडीपाला गाजरगवताच्याच कुळातला आहे, आणि गाजरगवताने होणारा त्वचेचा आजार पुण्या-सांगलीकडच्या शेतकऱ्यांना सांगावा लागत नाही. ज्याच्या त्वचेने या कुळातील एका वनस्पतीशी वैर धरले आहे, त्याला दुसरीचाही त्रास होऊ शकतो.

काय लिहून दिले

दाखला दिला नाही. दोन पानी अहवाल दिला. त्यात लिहिले की पोत्यातील माल मिश्र होता व त्यात ओसाडी असल्याने तो वापरू नये. पहिल्या प्लेटवरचा झोन पाल्यावर साचलेल्या फवारणीचा होता आणि तो मी घाईने दाखवला. माळावरच्या पाल्याच्या इथेनॉल अर्कात स्टॅफिलोकोकसविरुद्ध दुबळा परिणाम आहे, पण गट इथेनॉल वापरत नाही. आणि मलमात त्याच्या नुसत्या तेल-मेणापेक्षा वेगळा परिणाम आढळला नाही. जखम भरण्याचा आणि रक्त थांबण्याचा प्रश्न आम्ही तपासला नाही, हेही लिहिले. चोथा दाबून धरल्याने रक्त थांबते यात नवल नाही. तो दाबाचा गुण असू शकतो आणि पाल्याचाही असू शकतो.

विक्रीचा प्रश्न त्याआधीच अडला होता. औषध म्हणून मलम विकायचे तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि आयुर्वेदिक म्हणून परवाना मागायचा तर घटकद्रव्यांना त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांचा आधार दाखवावा लागतो. अमेरिकेतून आलेल्या झाडासाठी तो शोधणे हे गटाच्या आवाक्यातले काम नव्हते. छापलेली लेबले त्यांनी मला आणून दिली. त्यांचा छपाईचा खर्च मी दिला. तो त्यांनी आढेवेढे घेत घेतला.

अहवाल मोठ्याने वाचून झाल्यावर मावशींनी दोन प्रश्न विचारले. पहिला होता, "म्हणजे आमची आजी खोटं बोलत होती व्हय?" मी म्हणाले की आजीच्या काळात त्या बांधावर द्राक्षे नव्हती, ज्वारी होती, त्यामुळे आजीचा पाला आणि आजचा पाला एकच मानून तिला खोटे ठरवता येत नाही आणि खरेही ठरवता येत नाही. दुसरा प्रश्न जास्त कठीण होता, कारण तो तर्काला धरून होता: "मग सरळ मोरचूदच लावलं तर?" मोरचूद उघड्या जखमेला दाहक आहे, जखमेतून तांबे शरीरात शिरते आणि बागेतले मोरचूद औषधाच्या शुद्धतेचे नसते, हे त्यांना समजावून सांगितले. साबण-पाण्याने जखम धुण्याचे आणि लशीचे पुन्हा सांगितले. त्यांना ते फार साधे वाटले असावे. तरी पुढच्या आठवड्यात सोळाजणी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घेऊन आल्या.

महाविद्यालयाच्या गच्चीवर सध्या चाळीस कुंड्यांत दगडीपाला आहे, माळावरच्या झाडांच्या बियांपासून वाढवलेला. निम्म्या कुंड्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्याच बागेच्या बांधावर नेऊन ठेवायच्या आणि निम्म्या इथेच ठेवायच्या, असे बागायतदारांशी ठरले आहे. फवारणीची वही यावेळी आमच्याकडेही असेल.